संत ऑगस्टीन यांचे पाच दिवस



संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात एक लहानसा तपशील आहे. बारा प्रेषित गावोगाव सुवार्ता सांगून परत आले होते. काय केले, काय शिकवले, हे ते प्रभूला सांगत होते. पण येणाऱ्या-जाणाऱ्यांची एवढी वर्दळ होती की त्यांना जेवायलाही सवड मिळेना. तेव्हा प्रभू येशूने त्यांना एकांतात येऊन थोडा विसावा घ्यायला सांगितले. ते मचव्यात बसून निघाले. लोकांनी त्यांना जाताना पाहिले, ते किनाऱ्याने धावत सुटले आणि मचवा लागण्यापूर्वीच पलीकडे जाऊन उभे राहिले. प्रभूला त्यांचा कळवळा आला, तो त्यांना शिकवू लागला, दिवस कलला आणि मग पाच भाकरी व दोन माशांचा तो चमत्कार घडला.

ह्या उताऱ्यावरची प्रवचने बहुधा येथेच थांबतात. प्रभूचा विसावा हुकला, तरी त्याने लोकांना परत पाठवले नाही, असा बोध घेऊन आपण घरी जातो. पण अध्याय तेथे संपत नाही. जेवणे होताच प्रभूने शिष्यांना मचव्यात बसवून पुढे धाडले, लोकसमुदायाला स्वतः निरोप दिला आणि तो एकटा डोंगरावर प्रार्थनेला गेला. विसावा रद्द झाला नव्हता, काही तास पुढे गेला होता. पोट भरलेल्या पाच हजार पुरुषांच्या समुदायाला 'आता या' म्हणणे ही काही सोपी गोष्ट नव्हे!

त्याच शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील प्रसंग तर अधिक कठीण आहे. कफर्णहूममध्ये संध्याकाळी सारे गाव दाराशी लोटले, पुष्कळ आजारी बरे झाले. पहाटे अंधारातच प्रभू उठून निर्जन जागी प्रार्थनेला गेला. शिमोन आणि त्याचे सोबती त्याला शोधत आले, सर्व जण तुझा शोध करीत आहेत म्हणाले. प्रभू परतला नाही. आसपासच्या इतर गावांत जायचे आहे, त्यासाठीच मी आलो आहे, अशा अर्थाचे उत्तर देऊन तो पुढे निघाला. आता, त्या सकाळी दाराशी पुन्हा कोणी आजारी येऊन बसलेच नसेल काय? बसले असणार. प्रभू दयाळू होता म्हणूनच हा नकार आपल्याला विचारात पाडतो.

आपल्या धर्मग्रामाकडे पाहू या. येथे शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत, शिवणकाम करणाऱ्या भगिनी आहेत, जुने दस्तऐवज वाचता येणारे एखादे काका आहेत. ज्याला एखादे काम चांगले जमते त्याच्याकडे सारा गाव जातो, ही आपल्या गावपणाची गोड बाजू. पण दहावीच्या वर्गशिक्षिकेच्या मोबाइलवर रात्री साडेअकराला निरोप येतो: मिस, उद्याच्या पेपरात हे गणित येईल का? सकाळी दुसरा निरोप असतो: मिस, तुम्ही वाचले, पण उत्तर दिले नाही. त्या दोन निळ्या खुणांनी किती घरांची झोप उडवली आहे! रात्रपाळी करून आलेली परिचारिका डोळा लागतो न लागतो तोच दार वाजते, 'बाय, जरा आमच्या आईचे प्रेशर बघतेस?' ती बघते. रागावतही नाही. पण तिची स्वतःची मुले तिच्याशी दिवसाकाठी किती बोलतात, हे कोणी विचारत नाही.

आम्हा धर्मगुरूंचेही वेगळे नाही. परदेशातून सकाळी एक ईमेल येतो, बाप्तिस्म्याचा दाखला हवा आहे. तासाभराने दुसरा. दुपारी तिसरा, थोड्या कडक भाषेत. आणि संध्याकाळच्या मिस्साआधी त्याची मावशी दारात उभी असते, 'फादर, पोराने सकाळपासून तीनदा लिहिलं म्हणे.' दाखला द्यायलाच हवा, तो त्याचा हक्क आहे. पण जुनी नोंदवही काढावी लागते, नाव नीट तपासावे लागते, कारण आजोबा, काका आणि पुतण्या तिघांचेही नाव एकच असण्याची आपल्याकडे पद्धतच आहे. पूर्वी विनंती पोस्टाने यायची, तिला आठवडा लागायचा आणि उत्तराला दुसरा. ती मर्यादा कोणी ठरवलेली नव्हती, अंतराने घातलेली होती. आता अंतर उरले नाही, तेव्हा मर्यादा माणसालाच घालावी लागते आणि घालणारा माणूस लगेच वाईट ठरतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना सेनेका वाचावा लागतो. हा रोमन विचारवंत संत पौलाच्या काळातला. आयुष्याच्या तोकडेपणावरील त्याच्या निबंधात तो एक मार्मिक गोष्ट दाखवून देतो. जमिनीच्या हद्दीवरून माणसे हाणामारीवर येतात, पण आपल्या आयुष्यात मात्र कोणालाही खुशाल शिरू देतात. आपल्या वाड्यांत हे समजवून सांगायला नको. शेजाऱ्याचे कुंपण वीतभर सरकले तर आपण मोजणी आणतो. पण रोजचे दोन तास कोणी नेले, तर त्याची नोंद कुठल्याच उताऱ्यावर नसते.

तरीही सेनेकाबरोबर आपल्याला शेवटपर्यंत जाता येत नाही. त्याच्या लेखी वेळ ही ज्याची त्याची मालमत्ता आहे. ख्रिस्ती माणूस तसे म्हणू शकत नाही. आपला दिवस आपल्याला सोपवलेला आहे, आपण त्याचे कारभारी आहोत. म्हणून 'हा माझा वेळ आहे, मला हवा तसा वापरीन' हे उत्तर आपल्यापुरते बाद झाले. पण त्याच न्यायाने दार वाजवणाऱ्याचे, 'तुम्ही सेवेसाठीच आहात ना?' हे म्हणणेही बाद होते. दिवस त्याचाही नाही. मग विचारायचे ते एवढेच, की हा तास आपण कोणाचा देणे लागतो?

ह्या प्रश्नाशी संत ऑगस्टीन चाळीस वर्षे झगडत होते. ते उत्तर आफ्रिकेतील हिप्पो ह्या बंदराच्या गावचे बिशप. आज ते शहर अल्जीरिया देशात अन्नाबा ह्या नावाने ओळखले जाते. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने दिवाणी तंटे सोडवण्याचा अधिकार बिशपांना दिला होता. परिणाम असा की वाटण्या, कर्जे, शेतांच्या हद्दी, अनाथांची मालमत्ता, सारे काही बिशपांच्या ओसरीवर येई. त्यांचे चरित्र लिहिणारे त्यांचे सहकारी बिशप पोसिदियुस सांगतात की ऑगस्टीन कधी जेवणाच्या वेळेपर्यंत, तर कधी दिवसभर उपाशी राहून हे तंटे ऐकत. गंमत पाहा, भावाने वाटणी द्यावी असे सांगा म्हणून एक माणूस प्रभू येशूकडे आला तेव्हा मला तुमचा न्यायाधीश कोणी नेमले, असे विचारून प्रभू मोकळा झाला (लूक अध्याय १२). बिचाऱ्या ऑगस्टीनना ते उत्तर देता येत नव्हते, त्यांना कायद्यानेच नेमले होते!

त्यात पत्रे. त्यांची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत दिओस्कोरस नावाच्या एका तरुण विद्यार्थ्याला इ. स. ४१०च्या सुमारास दिलेले उत्तर आम्हाला फार आवडते. ह्या तरुणाने सिसेरोच्या ग्रंथांवरील प्रश्नांची एक मोठी यादी पाठवली होती. त्याला परदेशी जायचे होते, जहाज सुटायच्या आत उत्तरे हवी होती, आणि कारण काय, तर तिकडे कोणी विचारले आणि सांगता आले नाही तर लोक अडाणी समजतील. ऑगस्टीन यांनी त्याला चांगलेच फैलावर घेतले. तुझ्या प्रश्नांचा वेढा पडला तर बिशपाने त्याची बाकीची कामे कुठे ठेवायची, असा त्यांचा रोख होता. मग मात्र त्यांनी खरा प्रश्न हातात घेतला. मनुष्याचे परम हित कशात आहे, लोकांनी शहाणे म्हणावे ही हाव कुठे नेते, सत्याची वाट पहिल्यांदा, दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदाही नम्रतेचीच कशी, हे त्याला सविस्तर लिहिले. त्याने मागितले ते बहुतेक नाकारले, आणि त्याला ज्याची गरज होती ते भरभरून दिले. मागणी आणि गरज ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ओळखायला दार उघडून आधी नीट ऐकावे लागते. सरसकट फोन बंद करून ठेवणाऱ्याला ते कळणार नाही.

आता त्या पाच दिवसांकडे येऊ. नुमिडिया आणि कार्थेज येथील बिशपांच्या सभांनी पवित्र शास्त्रावरील काम ऑगस्टीन यांच्यावर सोपवले होते. ते करायचे कधी? त्यांनी हिप्पोच्या भाविकांसमोर विषय मांडला: आठवड्यातले पाच दिवस मला ह्या कामासाठी मोकळे द्या. लोकांनी मान्य केले. त्याची लेखी नोंद झाली. थोडे दिवस पाळलेही गेले. आणि मग? मग कोणाचे काम 'फक्त पाच मिनिटांचे' होते, कोणाचे 'अगदीच तातडीचे' होते, असेच काहीसे झाले असणार. करार मोडला. सकाळी एक, दुपारी दुसरा, बिशप पुन्हा तंट्यांत.

हे आपल्याला कसे ठाऊक? २६ सप्टेंबर ४२६ रोजी हिप्पोच्या शांती मंदिरात त्यांनी लोकांना एकत्र बोलावले, तेव्हा त्यांनीच ते उघडपणे सांगितले. वयाची ७१ वर्षे झाली होती. सभेत लेखनिक बसले होते आणि त्यांनी लोकांच्या घोषणादेखील मोजून टिपल्या. देवाला धन्यवाद आणि ख्रिस्ताची स्तुती करणारी एक घोषणा २३ वेळा झाली अशी नोंद आहे. ऑगस्टीन यांनी एराक्लियस ह्या धर्मगुरूंना आपला वारस म्हणून जाहीर केले. त्यांना लगेच बिशप केले नाही, कारण स्वतः ऑगस्टीन यांना आधीचे बिशप हयात असताना बिशपपदाची दीक्षा मिळाली होती आणि ते नायसिया परिषदेच्या नियमाला धरून नव्हते, हे त्यांना मागाहून कळले होते. पण कामे मात्र त्याच दिवसापासून सोपवली. यापुढे ज्याची जी अडचण असेल त्याने एराक्लियसकडे जावे, त्यांना माझा सल्ला लागला तर तो मी नाकारणार नाही, असे त्यांनी सांगितले. ह्या मोकळ्या वेळाबद्दल कोणी माझा हेवा करू नये, त्यात मोठे काम दडलेले आहे, हेही सांगितले. आणि लोकांकडून पुन्हा होकार घेतला, तोही लेखी.

ह्या नकारात तीन-चार गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. तो चिडून दिलेला नाही. तो सर्वांना एकाच वेळी, उघड दिलेला आहे. कोणाला आत घेतले, कोणाला परतवले असे नाही. कारण खरे सांगितले आहे. आणि नकाराबरोबर एका माणसाचे नाव दिले आहे. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय आठवा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांची दाद लागत नाही ही तक्रार खरी होती. प्रेषितांनी प्रार्थना व शब्दसेवा सोडायचे नाकारले, पण तक्रार वाऱ्यावर सोडली नाही. सात जणांची नावे पुढे आली. मोशेचे सासरे इथ्रो यांनी जावयाला वाळवंटात हेच सुचवले होते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच बसून राहशील तर तूही थकशील आणि लोकही थकतील. लोकही थकतील, हे सासऱ्यांचे निरीक्षण फार अचूक आहे. रांगेत उभे राहणारे थकतातच.

खरे कारण सांगण्याबद्दल थोडे अधिक. आपल्याकडे नकार देण्याची एक सोपी रीत आहे: मुलाला दारात पाठवायचे, 'पप्पा घरी नाहीत म्हणून सांग.' मूल सांगते, आणि पुष्कळदा 'पप्पांनी सांगितलंय की ते घरी नाहीत' असे सांगते! संत ऑगस्टीन यांनी खोटे बोलण्याविरुद्ध एक नव्हे, दोन पुस्तके लिहिली. त्यांना हे चालले नसते. आता जेवत आहोत, उद्या सकाळी नऊला या, हे खरे आहे आणि पुरेसे आहे. संकोचापोटी होकार देऊन मग तोंड चुकवत फिरणे ह्यात कसले प्रेम?

पण प्रभूने तर चिकाटीने मागायला शिकवले, असे कोणी म्हणेल. मध्यरात्री दार ठोठावणारा मित्र आहे, न्यायाधीशाचा पिच्छा पुरवणारी विधवा आहे. खरे आहे. मात्र त्या दोन्ही दाखल्यांत प्रभू प्रार्थनेविषयी बोलतो आहे, आणि देवाला झोप नाही, त्याला मुलेबाळे निजवायची नाहीत. शिवाय त्या मित्राने रात्री काय मागितले ते पाहा: वाटसरू उपाशी आहे म्हणून तीन भाकरी. दुसऱ्याच्या भुकेसाठी त्याने झोपमोड केली. अशी झोपमोड करायला आमची केव्हाही हरकत नाही.

आणि आर्सचे धर्मगुरू संत जॉन मारी व्हियानी? १९२९ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले, ते दिवसाचे सोळा-सोळा तास पापनिवेदन ऐकत. त्यांच्या पायाशी बसून मर्यादेची भाषा करायला धीर होत नाही. पण त्यांच्या चरित्रात एक पान असेही आहे की १८४३ साली ते गाव सोडून आपल्या भावाकडे निघून गेले होते. त्यांनाही एकांत हवा होता. लोक त्यांच्या मागोमाग तेथेही पोहोचले, अगदी त्या मचव्याच्या मागे पोहोचले तसे. ते परत आले. एखाद्या संताला देव ज्या वाटेने नेतो ती त्याची वाट. पण गावाने आपल्या धर्मगुरूला, किंवा सासरच्यांनी आपल्या सुनेला, व्हियानी व्हायला भाग पाडावे असे त्यातून निघत नाही.

उलट बाजूचा धोकाही आम्ही लपवणार नाही. यरीहोच्या वाटेवर जखमीला टाळून पुढे गेलेला याजक आणि लेवी ह्यांच्याकडेही बहुधा चांगली कारणे होती, कदाचित मंदिराचीच. वेळेचे पाळणे हा निर्दयपणाचा सभ्य पोशाख होऊ शकतो. कार्यालयाबाहेर वेळांचा बोर्ड लावला म्हणून पायऱ्यांवर रडत बसलेल्या बाईला बोर्ड दाखवायचा नसतो. पण तो शोमरोनीही नीट पाहा. त्याने जखमा बांधल्या, उतारशाळेत नेले, रात्रभर काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी दोन दिनार उतारशाळेच्या मालकाच्या हाती दिले, अधिक लागले तर परतताना देतो म्हणाला, आणि आपल्या वाटेने गेला. त्याची कामे होती. तो तेथेच राहिला नाही म्हणून प्रभूने त्याला कमी लेखले नाही.

आम्हाला ज्याची अधिक चिंता वाटते ती गोष्ट निराळीच आहे. जो मोठ्याने मागतो, तीनदा लिहितो, ओळखीचा माणूस मध्ये घालतो, त्याला आपला वेळ मिळतो. तो मिळतो कोणाच्या वाट्याचा? जो मागत नाही त्याच्या. पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तशरीर घेऊन आम्ही आजाऱ्यांच्या घरी जातो. एखादी नव्वदीची आजी पहाटेपासून स्वच्छ लुगडे नेसून, मेणबत्ती लावून बसलेली असते. तिला महिन्यातून एकदाच कोणीतरी भेटते. ती बोलू लागते आणि खिशातला फोन थरथरतो. आजी लगेच म्हणते, 'फादर, तुम्ही घ्या फोन, तुमाला कामं असतील.' ती कधीच तक्रार करणार नाही, चर्च समितीकडे जाणार नाही. तिच्या वतीने 'नाही' म्हणणारे दुसरे कोणी नसते, ते आम्हालाच म्हणावे लागते. शिक्षिकेच्या घरात तिची मुले अशीच गप्प असतात. परिचारिकेच्या घरी तिचा नवरा ताट झाकून ठेवतो आणि काही बोलत नाही. संत ऑगस्टीन यांनी ख्रिस्ती शिकवणीवरील आपल्या ग्रंथात म्हटले आहे की सर्वांवर सारखेच प्रेम करायचे, पण सर्वांचे भले करणे हाताबाहेरचे. म्हणून स्थळाने, काळाने, प्रसंगाने जे आपल्याजवळ आणून ठेवले आहेत त्यांना जणू चिठ्ठी टाकून आपल्या वाट्याला आलेले समजावे. आता मोबाइलमुळे सारे जगच जवळ आले आहे, तेव्हा आपल्या वाट्याचे कोण, हे ज्याचे त्याने प्रार्थनेत बसून ठरवावे.

ते पाच दिवस शेवटी ऑगस्टीन यांना पुरते मिळाले काय? मिळाले असे म्हणवत नाही. कार्थेजचे क्वोद्वुल्तदेउस नावाचे डीकन पाखंडी मतांवर एक पुस्तक लिहून द्या म्हणून त्यांच्या मागे लागले. ऑगस्टीन यांनी इतरांची तयार पुस्तके सुचवली. डीकन ऐकेनात, पुन्हा पत्र. उत्तरात ऑगस्टीन आपला दिनक्रमच कळवतात: एक काम दिवसा चालले आहे, दुसरे रात्री. शेवटी ते पुस्तक त्यांनी लिहिलेच. पण त्याच काळात आपली सारी पुस्तके पुन्हा वाचून, त्यांतील उणिवा नोंदवणारा ग्रंथही त्यांच्या हातून पुरा झाला, तो त्या राखलेल्या वेळातला.

४३० साली व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला असताना ते तापाने अंथरुणाला खिळले. कोणी एकाने आजारी माणूस आणला, ह्याच्यावर हात ठेवा म्हणाला. माझ्यात तेवढे सामर्थ्य असते तर मी आधी स्वतःलाच बरे केले नसते काय, असे ऑगस्टीन त्याला म्हणाले. स्वप्नात मला तुमच्याकडेच यायला सांगितले आहे, असे त्याने विनवले. तेव्हा त्यांनी हात ठेवला, आणि तो आजारी बरा होऊन गेला, असे पोसिदियुस लिहितात. मृत्यूच्या सुमारे दहा दिवस आधी मात्र त्यांनी सांगितले की वैद्य येतील तेव्हा किंवा जेवण आणतील तेव्हाच दार उघडावे, एरवी कोणी आत येऊ नये. पश्चात्तापाची स्तोत्रे लिहून भिंतीवर लावून घेतली होती. पडल्या पडल्या ती वाचत ते रडत असत. ह्या वेळी लोकांनी ऐकले. २८ ऑगस्टला ते देवाघरी गेले.

चर्च समितीशी बोलून आम्ही पुढील व्यवस्था केली आहे. दाखल्यांच्या विनंत्या, पत्राने येवोत, ईमेलने वा फोनवरून, मंगळवार ते शनिवार सकाळी साडेनऊ ते साडेअकरा ह्या वेळात कार्यालयातील सेवक पाहतील आणि आठवड्याच्या आत दाखला तयार ठेवतील. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांच्या भेटी पूर्ण होईपर्यंत आमचा फोन बंद राहील. रुग्णाभ्यंगासाठी मात्र धर्मगुरूनिवासाची घंटा रात्री कितीही वाजता वाजवावी. दोनदा वाजवावी, म्हणजे काय ते आम्हाला कळेल.